रंधा मारलेला पियानो

पियानोला रंधा मारू नये, ही साधी गोष्ट आम्हाला नागपूरच्या लकडगंजात कुणीच सांगितली नव्हती.

सांगणार तरी कोण? आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे टाल, मधूनमधून लाकूड कापायच्या आरा मशिनी, आणि टालांच्या मागे आमची घरं. आमचाही टाल होता, बाबांचा. माझे बाबा जगातल्या कुठल्याही वस्तूवर आधी बोटांच्या पेरांनी ठकठक करायचे आणि मगच तिच्याबद्दल मत द्यायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही त्यांनी मुलीकडे नंतर आणि तिच्या घराच्या चौकटीकडे आधी पाहिलं. ("सागवान आहे. होकार द्यायले हरकत नाही.") अशा माणसाच्या हाताखाली वाढल्यामुळे मला लाकूड सोडून कशातलंच काही कळत नव्हतं. पण लाकडातलं मात्र सगळं कळतं, हा गर्व पुरेपूर होता. पुढे जे घडलं ते त्या गर्वामुळे घडलं. बाबांचा, आईचा किंवा आमच्या टालावरच्या गणपत मिस्त्रींचा त्यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं. रेल्वेच्या लोकांचा एक जुना क्लब होता. त्याच्या स्टेजच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या म्हणून नव्या फळ्यांची ऑर्डर आमच्याकडे आली. रविवारी सकाळी फळ्यांची बैलबंडी घेऊन मी तिथे पोचलो, तर हॉल रिकामा, पंखे बंद, आणि कोपऱ्यात एक म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ दाराकडे पाठ करून पियानो वाजवत बसलेले. ऐकायला एक झाडूवाली, आणि तीसुद्धा झाडत होती. मी फळ्या उतरवायचं विसरलो. बाहेरून बंडीवाला ओरडला, "भाऊ, बैल उन्हात उभे हायेत ना!" बैल आणखी पाऊण तास उन्हातच उभे राहिले.

ते ऑब्रे साहेब. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियात पर्थला गेलेली. ते जे वाजवत होते त्याला जाझ म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. पहिल्या दोन-तीन रविवारी मला वाटलं, यांना गाणं नीट येत नसावं. कारण एकच गाणं ते दर वेळी वेगळंच वाजवायचे. मी तसं तोंडावर बोललोसुद्धा! (वय लहान, अक्कल त्याहून लहान.) त्यांनी वळून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम लोग पक्का गाना सुनता है ना, मॅन? एकच राग, रोज नया. ये भी वैसाच है. ये गाना सब को मालूम, इसको स्टँडर्ड बोलते. सब को मालूम, घर किधर है. मैं बस रोज दूसरी गल्ली से घर जाता."

"और गल्ली चुक गयी तो?"

"तो जो नया रस्ता मिला, वो मेरा," साहेब म्हणाले आणि पुन्हा वाजवायला लागले.

त्या दिवसापासून मला वेड लागलं. दर रविवारी मी घरी सांगायचो, "क्लबातल्या फळ्या बसल्या का नीट, पाहून येतो." असं सहा महिने सांगितलं. गिऱ्हाइकाची इतकी काळजी घेणारा मुलगा पाहून बाबा शेजाऱ्यांना माझं कौतुक सांगायचे. मी मात्र टालावर लाकडाची मापं घेताना रविवार अजून किती लांब आहे, एवढंच मनात मोजत असायचो. बोटांनी टेबलावर, मांडीवर, जेवताना ताटाच्या काठावर वाजवत बसायचो. आईला वाटलं, मला थंडी वाजून ताप येणार आहे. तिने काढा पाजला.

आणि सगळी स्टँडर्ड गाणी संपली, की शेवटी साहेब त्यांचं स्वतःचं एक वाजवायचे. त्याचं नाव 'काटोल आउटर'.

संत्र्यांच्या हंगामात त्यांची मालगाडी काटोलच्या बाहेरच्या सिग्नलला तासन्‌तास उभी राहायची. आत स्टेशनात संत्र्यांच्या वाघिणी भरणं चालू, आणि बाहेर हे शेवटच्या डब्यात एकटे. हातात हिरवा झेंडा, पण दाखवायची वेळ येत नाही. बायको नागपुरात जेवायची थांबलेली, मध्ये कळमेश्वर यायचं आहे अजून, आणि वाऱ्यावर संत्र्यांचा वास. हे सगळं त्या वाजवण्यात होतं. डावा हात उभ्या इंजिनासारखा एकाच जागी धपापत राहायचा. उजवा हात जरा पुढे जायचा, परत यायचा. पुन्हा जरा पुढे जायचा, पुन्हा परत. मध्ये एका जागी सूर एकदम वर चढायचा. वाटायचं, पडला सिग्नल, आता गाडी निघणार! आणि तो पडलेला नसायचा. दर वेळी त्या जागी मी बसल्या जागेवरून अर्धा उठायचो. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी कुणाची वाट पाहत नव्हतो. मला कुठे जायचं नव्हतं. आमचं घर टालाच्या मागे, टाल घराच्या पुढे, मध्ये चालत वीस पावलं. तरी ते ऐकताना मला घरी जावंसं वाटायचं, आणि ते घर लकडगंजात नव्हतं.

"साहेब, ये लिखके क्यों नहीं रखते?" मी एकदा विचारलं.

"लिखने बैठा तो सिग्नल गिर जाएगा, मॅन."

पुढच्या वर्षी क्लबात टेबल टेनिसचं टेबल आलं आणि पियानोला जागा उरली नाही. तो विकायला निघाला. हे कळल्यावर मी बाबांना ओढतच तिथे घेऊन गेलो. बाबांनी पियानोच्या चारी बाजूंना ठकठक केली, वाकून खालून पाहिलं, नाक लावून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शिसम आहे गा! अस्सल! दोन दिवाण आरामात निघते याच्यातून. अन् उरल्या लाकडात तुझ्या आईचा देव्हारा."

"बाबा, तोडायचा नाही. वाजवायचा आहे."

"कोण वाजवते?"

"मी. शिकतो मी."

बाबांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे बोटं पाह्यले का तू आपले? फळ्या उचलायचे बोटं आहेत हे."

पण घेतला. लाकूड कुठे पळून जात नाही, असा त्यांचा हिशेब होता. वर्षभर पोराची हौस होऊ द्यावी, मग दिवाण आहेतच. पियानो बंडीवर बसून लकडगंजात आला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला लागला. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि रुमालावर चिवड्याचा डबा ठेवला. मी रोज संध्याकाळी बसून एकेक पट्टी दाबायचो. शिकलो काहीच नाही. ऑब्रे साहेबांना घरी बोलवायचो, पण ते टाळायचे. दुसऱ्याच्या घरात आपला पियानो बघायला त्यांना जड जात असावं.

आणि मग मे महिन्यात एक दिवस ते स्वतःच टालावर आले. फळ्यांच्या थप्पीवर टेकले, हॅट काढली.

"मैं जा रहा, मॅन. पर्थ. बेटी ने टिकट भेजा. अगले हफ्ते मंगलवार को बंबई की गाडी."

मी हातातल्या फळीचं माप घेतलं, मग त्याच फळीचं पुन्हा घेतलं.

"संडे को सुबह आऊँगा तुम्हारे घर," ते म्हणाले. "एक बार बजाऊँगा. सब. आखिर में काटोल आउटर."

"साहेब, टेप करूँ?"

त्यांनी हॅट पुन्हा डोक्यावर घातली. "करो. तुम्हारे पास रहेगा. पर्थ में काटोल किस को मालूम?"

म्हणजे एकच रविवार. लिहून ठेवलेलं नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि वाजवणारा मंगळवारी कायमचा चालला. जे काही राहणार होतं ते त्या एका सकाळी, आमच्या बैठकीत, त्या एका पियानोवर. मी एका मित्राच्या हातापाया पडून त्याचा दोन चकत्यांचा टेपरेकॉर्डर आणला आणि आठवडाभर आधीच बैठकीत मांडून ठेवला. आता राहिला फक्त पियानो.

नागपूरचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. उन्हाने लाकूड पार आटलं होतं. पट्ट्या आपापल्या जागी खुळखुळत होत्या. वाजवायला गेलं की सुराबरोबर दात वाजल्यासारखा आवाज यायचा. मी पियानोवर ठकठक केली (रक्तातच ते!) आणि निदान केलं.

"बाबा, लाकूड वाळलंय. पाणी मागून राहिलं ते."

"बराबर," बाबा म्हणाले. "ओल दे त्याले."

आमच्याकडे कूलर होता. इतरांचे कूलर लोखंडी पत्र्याचे, आमचा अर्थातच सागवानी. तिन्ही बाजूंना वाळ्याच्या जाळ्या, मागे बादलीने पाणी ओतायचं. घरातली माणसं सोडून तो कूलर मी पियानोच्या तोंडाशी लावला. चार दिवस आणि चार रात्री पियानो थंडगार, वाळ्याच्या वासात न्हात होता आणि आम्ही तिघं मागच्या खोलीत घामाने निथळत होतो. आई वाऱ्याला म्हणून दारात आली की मी तिला बाजूला करायचो.

"आई, वारा अडवू नको त्याचा."

"माय मी आहे का ते आहे रे?" आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. शेजारची दाबली, तर तिच्याबरोबर आणखी तीन खाली गेल्या. खुळखुळणं मात्र संपूर्ण थांबलं होतं. चार दिवसांत लाकूड प्यायचं तेवढं पाणी प्यालं होतं आणि पट्ट्या एकमेकींच्या अंगावर फुगून बसल्या होत्या. रविवार तीन दिवसांवर!

मी धावत जाऊन गणपत मिस्त्रींना आणलं. मिस्त्री म्हणजे आमच्या टालाची शान. चाळीस वर्षं दारं-खिडक्या केलेल्या. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पियानोभोवती एक फेरी मारली आणि हसले.

"हे कोणती मोठी गोष्ट आहे, भाऊ? बरसातीत दरवाजा फुगला तं आपण का करतो?"

"रंधा मारतो."

"मंग? याले काहून नाही मारायचा?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. ऑब्रे साहेबांकडे सायकल मारली असती, विचारलं असतं. पण लाकडाचं लकडगंजवाल्याने रेल्वेवाल्याला काय विचारायचं! "मारा," मी म्हणालो. "पण सफाईने."

"सफाईचं मले सांगून राहिले?" मिस्त्री दुखावले.

पट्ट्या एकामागून एक बाहेर आल्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडांवरून रंधा फिरला, आणि बैठकीत पातळ, कुरळ्या छिलक्यांचा ढीग झाला. पट्ट्यांखाली लोकरीच्या चकत्या होत्या, त्या ओल्या झाल्या म्हणून मिस्त्रींनी झाडून टाकल्या. मग त्यांनी पियानोचा पुढचा पाट काढला. आत ओळीने लहान लहान लाकडी हातोड्या होत्या, आणि प्रत्येक हातोडीच्या डोक्याला मळकट लोकरीचा जाड गोळा. तेवढ्यात चहा घेऊन आई आली.

"अवं माय! कसर लागली याले! कपाटातल्या माझ्या शाली खाऊन टाकन हे! आधी काढा ते चिंध्या!"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. हा क्षण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी एक हातोडी हातात घेतली, लोकर दाबून पाहिली, आणि माझ्यातला लाकूडवाला बोलला.

"लाकडाच्या अंगाले चिंधी गुंडाळली तं आवाज दबणारच ना, मिस्त्री? काढून टाका. आवाज मोकळा होते."

"डोस्कं चालते, भाऊ, तुमचं," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघांनी मिळून ऐंशीहून जास्त हातोड्यांची लोकर खरवडली. प्रत्येक डोकं सँडपेपरने घासून गुळगुळीत केलं. वर लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिले. शनिवारी संध्याकाळी सगळं परत जागेवर बसलं, तेव्हा बाबा कंदील घेऊन आत डोकावले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. सगळ्या हातोड्या एका ओळीत, मधाच्या रंगाच्या, चमकत होत्या.

"असं काम आता पाहायले भेटत नाही," बाबा म्हणाले.

मी एक पट्टी वाजवून बघायला हात पुढे केला. मिस्त्रींनी तो वरच्या वर धरला.

"सकाळपर्यंत हात नोका लावू, भाऊ! पॉलिश वलं आहे, बोटं उमटते."

मी हात मागे घेतला.

रविवारी आठ वाजता सायकलरिक्षा दारात थांबली. मे महिना असूनही ऑब्रे साहेब कोट आणि टाय घालून आले होते. आईने दारातच त्यांना ओवाळलं आणि हातावर दही ठेवलं. "एवढ्या दूर चालले, दह्याबिगर कसं पाठवू?" साहेबांनी दही चाटून खाल्लं, रुमालाने हात पुसला आणि आईला वाकून नमस्कार केला. मग पियानोसमोर आले. तो चमकत होता. त्यांनी पाटावरून अलगद हात फिरवला.

"क्या बात है. नया जैसा दिखता."

बाबा, आई, मिस्त्री सगळे बसले. मिस्त्री तर आज धुतलेलं धोतर नेसून आले होते. मी टेपरेकॉर्डर चालू केला. चकत्या फिरायला लागल्या. साहेबांनी डोळे मिटले, दोन्ही हात उचलले आणि खाली आणले.

टक.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा हात आणले. टक, टक. डावीकडे गेले. टक. अगदी उजवीकडे गेले. टक. सूर म्हणून काही नव्हतं. नुसतं लाकूड लाकडावर आपटत होतं. त्यांनी उठून वरचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. मीही पाहिलं. ते पट्टी दाबत होते, आणि चमकणारी हातोडी झोकात पुढे जाऊन तारेच्या अलीकडेच थांबत होती. लोकर काढल्यामुळे ती बोटाच्या पेराएवढी आखूड झाली होती. तारेपर्यंत पोचतच नव्हती!

"पाहा," मिस्त्री मागून अभिमानाने म्हणाले, "एक तरी पट्टी अटकली का?"

"ये किस ने किया?" साहेबांनी विचारलं.

मला मिस्त्रींचं नाव घ्यायचा क्षणभर मोह झाला. पण त्यांचं धुतलेलं धोतर बघून जीभ वळली नाही. "मैंने, साहेब," मी म्हणालो. "आवाज मोकळा होईल असं वाटलं."

ऑब्रे साहेब स्टुलावर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. माझी तर तयारीच होती. पण ते हसत होते! हसून हसून त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, माझ्याकडे बघून पुन्हा हसले. आणि मग चष्मा पुन्हा चढवला. पट्ट्यांवर हात ठेवून बसून राहिले. आता उठतील आणि जातील, असं मला वाटलं.

"गार्ड के डब्बे में पियानो नहीं था," ते म्हणाले. "मैं लाइन बॉक्स के, अपनी लोहे की पेटी के ढक्कन पर बजाता था. ये तो उससे अच्छा है, मॅन. पॉलिश है इसको."

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

सगळं वाजवलं. एकेक गाणं, पुरं, घाई न करता. टकटक, टकटक, टक. डोळे मिटलेले, मान डुलते आहे, ओठ हलताहेत, दहा बोटं धावताहेत. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि मला काहीच नाही. दोन हातांवर ते होतं. मी कान टवकारून, श्वास रोखून बसलो. एखादा तरी सूर निसटून येईल म्हणून मनात विनवण्या केल्या. इतकं मी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. शेवटी डावा हात एकाच जागी धपापायला लागला, तेव्हा मी ओळखलं. काटोल आउटर.

आता आपल्याकडे एक रीत आहे. कलाकार समोर बसून वाजवत असताना गप्प बसणं म्हणजे त्याचा अपमान. खोलीत नुसतं टकटक चाललं आहे, आई पदराने वारा घेते आहे, बाबा खाली बघताहेत, आणि हे सगळं माझ्यामुळे. मला ती शांतता सहन होईना. निदान दाद तरी द्यावी! साहेबांना वाटू नये की कुणी ऐकत नाही. मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "वाह!" साहेबांनी डोळे मिटूनच मान हलवली. मला हुरूप आला. "वाह वाह! जियो!" मला बघून बाबांनीही "बहोत खूब" सुरू केलं. साहेबांचा खांदा वर चढला, तसं मी ताडलं की ही सिग्नलची जागा, आणि टाळी वाजवून, पूर्ण ताकदीने, पाय आपटून दाद दिली. जणू मलाच सगळं ऐकू येत होतं!

वाजवून झाल्यावर साहेबांनी झाकण बंद केलं आणि त्यावर क्षणभर गाल टेकला. जाताना मिस्त्रींशी हात मिळवून म्हणाले, "गुड वर्क." मंगळवारी मी स्टेशनवर गेलो. ते खिडकीत बसले होते. बोलायचं बरंच होतं, पण मी दोन वेळा "पाणी भरून आणू का?" एवढंच विचारलं. गाडी वेळेवर सुटली.

टेप मी त्याच संध्याकाळी लावली. अर्धा मिनिट टकटक ऐकली आणि बंद केली. मित्राला रेकॉर्डर परत दिला, चकती डब्यात घालून माळ्यावर टाकली. बाबांनी दिवाणांचं नाव त्यानंतर काढलं नाही, कधीच. मिस्त्रींना मात्र अजिबात कळलं नाही की नेमकं काय चुकलं. मीही त्यांना सांगितलं नाही.

वर्षभराने पर्थहून एक कार्ड आलं. इकडे एका चर्चमध्ये चांगला पियानो आहे, साहेबांनी लिहिलं होतं. काटोल आउटर वाजवून पाहिलं, जमत नाही. इकडच्या गाड्या थांबतच नाहीत. त्यापुढचं पत्र त्यांच्या मुलीचं होतं. मग ते आउटर जगात कुठेच उरलं नाही. मला सुरुवातीचे चार सूर आठवायचे, पुढचं हरवायचं. एकदा मी वेड्यासारखा पॅसेंजरने काटोलला गेलो. आउटरला गाडी थांबेल, संत्र्यांचा वास येईल, आणि पुढचं आठवेल म्हणून. गाडी न थांबता थेट स्टेशनात गेली! मी उतरलो, बाजारातून संत्री घेतली आणि बसने घरी आलो.

दहा-बारा वर्षं गेली. माझं लग्न झालं, आरा मशीन नवी आली. एक दिवस माळा साफ करताना माझ्या बायकोला, शालिनीला, ती चकती सापडली. शेजाऱ्यांकडे तसला एक जुना रेकॉर्डर होता, चांगले मोठे स्पीकर होते. मी नको नको म्हणत असताना तिने तो आणून लावला. टकटक सुरू झाली. मी उठून खिडकीशी गेलो.

"अहो," शालिनी म्हणाली, "हे मागे कोणी गुणगुणून राहिलं ना?"

मी वळलो. कान स्पीकरला लावला. टकटकीच्या मागे, अगदी बारीक, म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज होता. ओठ हलत होते ना त्यांचे! ते गात होते. वाजवताना प्रत्येक सूर ओठांत गात होते. सगळं होतं तिथे! सगळं! मी हातांनीच शालिनीला गप्प बसायची खूण केली. एक गाणं गेलं, दुसरं गेलं. डाव्या हाताची धडधड सुरू झाली. चार सूर आले, माझे ओळखीचे. पाचवा सूर आला, तो "वाह!"च्या खाली दबला. पुढचे दोन आले, आणि "जियो!" त्यानंतर थोडा वेळ काहीच कळेना, नुसती 'वाह वाह', 'बहोत खूब'ची बरसात. पुन्हा तो घोगरा आवाज वर आला, हळूहळू चढायला लागला, सिग्नलच्या जागेकडे निघाला. आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी पाय आपटून बेंबीच्या देठापासून ओरडलं, "क्या बात है, साहेब! क्या बात है!"

मी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. सात वेळा लावली. सातही वेळा तो ओरडला.

"बाई गं," शालिनी कानावर हात ठेवून म्हणाली, "हा मधातच कोण बोंबलून राहिला? याले कोणी घराबाहेर नाही काढलं?"

"कसं काढणार?" मी म्हणालो. "घर त्याचंच होतं."